झडपेवरचा पहारा
इंदूरच्या पोलोग्राउंडसारख्या दाट औद्योगिक वसाहतीत वायुवाहिनी फुटली, तर माणूस झडपेपर्यंत पोहोचण्याआधीच अनर्थ ओढवेल. प्रवाह एकाएकी वाढताच झडप मिटविणारा फ्लो स्विच तेथे हवाच. मात्र बारीक गळती त्याला उमगत नाही. तिच्यासाठी वायुशोधक यंत्र निराळे लागते. वीज गेली तरी झडप आपोआप मिटली पाहिजे. त्याच राज्यात, भोपाळला, १९८४ साली वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती आणि शीतयंत्रणा बंद होती. साधने होती, पहारा नव्हता! आता गोव्यातही वायुवाहिनी आली आहे. तेव्हा आमची मागणी स्पष्ट आहे: स्विच बसविल्याचा दाखला पुरेसा नाही, तो मुदतीत चालवून पाहिल्याची नोंद कामगारांना व शेजाऱ्यांना खुली असावी.