जाहीर आवाहन : कसणाऱ्याचे नाव कागदावर आलेच पाहिजे

गोव्यातील पाळी गावच्या शेतकऱ्याला सरकारी पैसा मुख्यतः तीन वाटांनी मिळतो. केंद्राच्या पीएम-किसान योजनेत 1 डिसेंबर 2018 पासून कुटुंबाला वर्षाला 6,000 रुपये तीन हप्त्यांत मिळतात. राज्याचा शेतकरी आधार निधी पीकनुकसानीला हेक्टरी 40,000, म्हणजे चौरस मीटरला 4 रुपये देतो. बाकीची अनुदाने कृषी कार्डावर मिळतात. या वाटा एकाच कागदापाशी अडतात : जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा.

त्या उताऱ्यावर कुठे मयत आजोबांचे नाव आहे, कुठे जमीनमालक भाटकाराचे, कुठे कोमुनिदादचे. सरद भातासाठी चिखलात उतरणाऱ्याचे नाव मात्र नाही. उताऱ्यात कसणाऱ्यासाठी वेगळा रकाना असतो. तो कोरा राहिला तर सरकारलेखी ते शेत कुणीच कसत नाही. हा अन्याय आहे आणि तो मुकाट्याने सोसला जातो, हे अधिक संतापजनक आहे.

गोव्यात कूळ कायदा 1964 साली आला. 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने जमीन कसेल त्याची ठरली. पण जमीन नावावर करणारा खरेदीचा दाखला न घेतलेले कूळ पीएम-किसानच्या यादीत बसत नाही, कारण ही योजना जमीन नावावर असलेल्यांचीच आहे. 31 मे 2022 च्या अकराव्या हप्त्याचे पैसे देशात 10 कोटींहून अधिक शेतकऱ्यांना मिळाले. पुढे जमिनीच्या नोंदींची पडताळणी कडक झाली आणि 17 ऑक्टोबरच्या बाराव्या हप्त्याला हा आकडा 8 कोटींवर जाहीर झाला.

आपल्या डिचोलीच्या खाणपट्ट्यात हे दुखणे दुहेरी आहे. वर्षानुवर्षे खाणींचा गाळ पावसाबरोबर शेतांत उतरला. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 लिजांचे नूतनीकरण रद्द केले आणि लोकांना शेतीकडे वळण्याचे उपदेश झाले. वळलेल्या माणसाचे नाव कागदावर कोण आणणार, हे कुणी सांगितले नाही.

‘दोन हजारांसाठी कोण खेपा घालणार?’ हा प्रश्न शोभत नाही. शंभर कुटुंबांनी हप्ते सोडले की गावाचे वर्षाला 6 लाख बुडतात. ‘भाटकाराशी वैर नको’ ही सबबही फोल आहे. कायद्याने दिलेला हक्क मागणे म्हणजे वैर नव्हे.

प्रत्येक घराने या हंगामातच पुढील कामे उरकावीत :

1. एक-चौदाचा ताजा उतारा काढून सगळे रकाने तपासावेत. कसणाऱ्याचा रकाना कोरा असल्यास तलाठ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

2. मयताचे नाव असल्यास वारसांनी एकत्र बसून वारसापत्र करावे. भावंडांचे रुसवे शेताच्या मुळावर येऊ नयेत.

3. कुळांनी मामलेदारांकडील दाव्याची तारीख चुकवू नये. खरेदीचा दाखला नसल्यास मागावा.

4. पीएम-किसानचे ई-केवायसी आणि खात्याची आधार जोडणी पुरी करावी. हप्ता अडल्यास 155261 वर विचारावे.

5. कृषी कार्ड विभागीय कृषी कार्यालयातून घ्यावे. पीक बुडाले की त्याच दिवशी फोटो काढून अर्ज द्यावा.

बांध फुटला की अख्खा गाव धावतो, ही पाळीची रीत आहे आणि तिचा अभिमान रास्त आहे. कागदासाठीही तसेच धावावे लागेल. शिकलेल्या मुलांनी वाड्यावाड्यावर म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. पाळी-कोठंबी पंचायतीच्या पुढच्या ग्रामसभेत वाडावार यादी मांडावी : किती उतारे मयतांच्या नावे, किती कूळदावे पडून, किती हप्ते अडलेले. त्या यादीवर ठराव घेऊन तो मामलेदार आणि कृषी खात्याला द्यावा आणि लेखी उत्तर येईपर्यंत दर ग्रामसभेत तोच विषय पहिला घ्यावा.