चुकीचं बिल कोण भरतं?



धंद्याचे खर्च लिहा म्हटलं की भाडं, पगार, लाईट बिल, माल हे सगळं आपण पटापट लिहितो. 'चुकांचा खर्च' हा रकाना मात्र बहुतेकांच्या वहीत नसतोच. हा खर्च किती मोठा होऊ शकतो, ते आज हॉस्पिटलच्या उदाहरणावरून बघू.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, उपचार घेणाऱ्या दर 10 पैकी साधारण 1 रुग्णाला उपचारांमुळेच इजा होते. चुकीचं औषध, चुकीचा डोस, ऑपरेशननंतर झालेला संसर्ग, बेडसोर. यातल्या निम्म्याहून जास्त इजा टाळता येतात.

आणि पैसा? ओईसीडी या संघटनेच्या 2017 च्या अहवालानुसार तिच्या सदस्य देशांत हॉस्पिटलच्या खर्चातला साधारण 15 टक्के खर्च अशा इजा निस्तरण्यात जातो. 100 रुपयांतले 15! किराणा दुकानात कित्येक वस्तूंवर एवढं मार्जिनसुद्धा सुटत नाही.

खरी गोम इथे आहे

समजा, हॉस्पिटलमध्येच संसर्ग झाला आणि रुग्णाचा मुक्काम पाच दिवसांनी वाढला. खोलीभाडं, अँटिबायोटिक, तपासण्या, सगळं बिलात चढतं. म्हणजे चूक हॉस्पिटलची, पण त्याच्या हिशोबात ती जमेच्या बाजूला! कुठलाही डॉक्टर हे मुद्दाम करत नाही, हे मान्य. पण ज्या चुकीचे पैसे मिळतात, ती थांबवायची घाई कुणाला असणार? विमा नसलेल्या घरात तर हे बिल दागिने गहाण ठेवून भरलं जातं.

म्हणून मला अमेरिकेतल्या 'मेडिकेअर' या सरकारी विम्याचा निर्णय पटतो. ऑक्टोबर 2008 पासून त्यांनी ठरवलं: ऑपरेशनच्या वेळी पोटात वस्तू राहिली, चुकीच्या गटाचं रक्त दिलं, हॉस्पिटलमध्ये गंभीर बेडसोर झाला, तर त्याचे जादा पैसे मिळणार नाहीत. ज्याची चूक, त्याचा खर्च.

उपाय महाग असतो का?

नाही. अमेरिकेतल्याच मिशिगन राज्यात डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी आयसीयूसाठी पाच ओळींची यादी दिली. मोठ्या शिरेत नळी घालताना हात धुवा, त्वचा जंतुनाशकाने पुसा, मास्क-गाऊन घाला आणि रुग्णावर निर्जंतुक चादर टाका, शक्यतो जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. यात नवीन काय? काहीच नाही! पण यादीतली पायरी चुकली, तर डॉक्टरला थांबवायचा अधिकार नर्सला दिला. 18 महिन्यांत त्या नळीमुळे होणारे संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत कमी झाले. हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

आता तुमच्या धंद्यात काय कराल?

1. वहीत 'चूक' हा रकाना काढा. परत आलेला माल, फुकट करून दिलेलं काम, वाया गेलेला वेळ, सगळं रुपयांत लिहा. महिनाअखेर बेरीज करा.

2. आपल्या चुकीचं बिल ग्राहकाला लावू नका. भुर्दंड स्वतःच्या खिशाला बसला की उपाय आपोआप सुचतो.

3. चूक दिसली की काम थांबवायचा अधिकार सगळ्यात नवीन पोऱ्यालाही द्या, आणि त्याने थांबवलं तर ओरडू नका. ओरडलात, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल.

तुमच्यापैकी कुणी मेडिकल स्टोअर, पॅथॉलॉजी लॅब किंवा घरी नर्स पुरवायची सेवा सुरू करणार असाल, तर हे पहिल्या दिवसापासूनच करा. आपल्या दुकानात चूक झाली, तर माल बदलून देता येतो. तुमच्या धंद्यात समोर माणूस आहे, तो बदलून देता येत नाही.

या महिन्यात एवढंच करा: तो एक रकाना काढा. बेरीज बघून झोप उडाली, तर समजा काम सुरू झालं!