ध्रुवीय गाळातले कामकरी

सुरतेजवळच्या पांडेसरा, सचिन आणि कडोदरा ह्या भागांत शिरणाऱ्याला कापड दिसण्यापूर्वी धुरांडी दिसतात. रंगाई-छपाईच्या गिरण्यांना सुताइतकीच गरज असते ती गरम पाण्याची आणि वाफेची. त्यासाठी बॉयलरांच्या तोंडी कोळसा पडत राहतो, आणि त्याचा धूर उधना-लिंबायतच्या वस्तीत राहणाऱ्या खानदेशी कामगाराच्या छातीत जातो. २०१९ साली गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने येथे धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार उघडला. नेमून दिलेल्या वाट्यापेक्षा कमी धूलिकण सोडणाऱ्याने उरलेला वाटा जास्त सोडणाऱ्यास विकावा, अशी ही व्यवस्था. धूलिकणांसाठी असा बाजार जगात प्रथमच भरला. सुमारे तीनशे कारखान्यांवर त्याची चाचणी झाली आणि बाजारात सामील झालेल्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी उतरले. ह्या यशाबद्दल मंडळाचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु धूर गाळणे निराळे, आणि पाणी कमी तापवावे लागणे निराळे. ह्या दुसऱ्या गोष्टीचा विचार करू गेल्यास आम्हांस थेट ध्रुवांजवळच्या समुद्रतळाकडे वळावे लागते. उडी लांबची आहे. वाचकांनी किंचित धीर धरावा.

ध्रुवीय समुद्राच्या तळाशी पाण्याचे तापमान बारमाही शून्याच्या आसपास, कित्येक ठिकाणी त्याहूनही खाली असते. पाणी खारट असल्यामुळे ते उणे पावणेदोन अंशांपर्यंत गोठत नाही, एवढेच. त्याखालच्या गाळात असंख्य जिवाणू सुखेनैव नांदतात. ह्यांना शीतप्रेमी म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. पंधरा अंशांच्या आत त्यांची वाढ जोमाने होते आणि विसाच्या सुमारास ती थांबते. आपल्याकडची पौषातली पहाटसुद्धा त्यांना उन्हाळ्यासारखी वाटावी!

हे साधते कसे? पौषात खोबरेल बाटलीत थिजते, पण तिळाचे तेल पातळच राहते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मेदाम्लांच्या घडणीतील फरकामुळे असे होते. शीतप्रेमी जिवाणू आपले पेशीपटल थिजू नये म्हणून असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवून घेतात. दुसरी युक्ती त्यांच्या विकरांत, म्हणजे गिरणीवाले ज्यांना ‘एन्झाइम’ म्हणतात त्यांत आहे. उष्ण प्रदेशातील जिवाणूंची विकरे घट्ट बांधणीची असतात आणि थंडीत आखडतात. ह्यांची विकरे सैल, लवचीक असतात. त्यामुळे थोड्याशा ऊर्जेवरही ती झपाट्याने काम करतात. मात्र ह्याच सैलपणामुळे थोडी उष्णता मिळताच ती मोडून पडतात. ह्या दुर्बलतेचाही उपयोग आहे. त्याकडे पुढे वळू.

थंडीत सारे व्यवहार मंदावतात असा आपला समज असतो. विज्ञानाचाही बराच काळ तसाच होता. नॉर्वेच्या उत्तरेस असलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहाच्या खाड्यांतील गाळ १९९० नंतरच्या दशकात युरोपीय संशोधकांनी तपासला, तेव्हा निराळेच दिसले. प्राणवायू ह्या गाळात वरच्या काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही. त्याखालचे जिवाणू सल्फेटाच्या आधारे सेंद्रिय द्रव्य कुजवतात. हे काम तेथे समशीतोष्ण समुद्रांच्या तोडीच्या वेगाने चाललेले आढळले. त्याच गाळातून वेगळा काढलेला ‘डिसल्फोटेलिया सायक्रोफिला’ उणे १.८ अंशांवरही वाढतो. ओहोटीच्या वेळी आपल्या खाडीच्या चिखलातून जो कुजक्या अंड्याचा वास येतो, तो ह्याच कुळाच्या उष्णदेशीय भाऊबंदांचा उद्योग होय. तापीच्या मुखापासून मांडवीच्या तीरापर्यंत तो सर्वांच्या ओळखीचा आहे.

ह्या प्रदेशांशी आपला संबंध परका नाही. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली मुरगाव बंदरातूनच ६ डिसेंबर १९८१ रोजी निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर उतरली. ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र वास्कोला आहे. स्वालबार्डमध्ये २००८ पासून आपले ‘हिमाद्री’ हे ठाणे आहे, आणि त्याच्या दारातच काँग्सफ्योर्ड ही खाडी आहे. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात डॉ. एस. शिवाजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातील अनेक नव्या जिवाणू-जातींची जगाला ओळख करून दिली. इतकेच कशाला, खोल अरबी समुद्राच्या तळाशी, साडेतीन हजार मीटरांवर, तापमान दोन अंशांच्याच आसपास असते. थंड गाळ आपल्या दाराशीही आहे.

आता सुरत. येथे भाबडेपणा नको. सुरतेचा मुख्य माल कृत्रिम धाग्याचा. पॉलिएस्टरला रंग चढवावयास १३० अंशांच्या आसपासची उष्णता लागते, आणि तेथे कोणत्याही शीतप्रेमी विकराची डाळ शिजणार नाही. परंतु गिरणीतील सारेच पाणी रंगासाठी तापत नाही. सुती आणि मिश्र कापडावरची खळ काढणे, विरंजनानंतर उरलेले पेरॉक्साइड नष्ट करणे, तंतूंवरची लव घालवणे, ही कामे विकरांकडून करून घेण्याची पद्धत वस्त्रोद्योगात रूढ आहे. तीच कामे थंड पाण्यात झाली तर तेवढा कोळसा वाचेल. शिवाय काम आटोपल्यावर पाणी जरासे ऊन केले की विकर निकामी होते आणि कापडाला इजा पोहोचत नाही. अडचण आहे ती सुरतेच्या वैशाखाची. ज्या उन्हात माणसे हैराण होतात त्या उन्हात ही नाजूक विकरे गोदामात टिकवणे हे काम शास्त्रज्ञाइतकेच भांडारपालाचेही आहे.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, ध्रुवीय जिवाणूंचे नमुने शीतपेटीत जपणे आणि त्यांवर निबंध लिहिणे एवढ्यावर थांबू नये. सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह पुण्यात आहे. कृत्रिम धाग्याच्या कापडावर संशोधन करणारी ‘मंत्रा’ ही संस्था खुद्द सुरतेत आहे. आणि वास्कोहून सुरत एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर आहे. काखेत कळसा असता गावाला वळसा कशाला?

उशीर केल्यास काय होते ह्याचा एक दाखला पुरेसा आहे. अंटार्क्टिकातील वँडा सरोवराच्या गाळातून मिळालेले एक किण्व, जिवाणू नव्हे, ‘कँडिडा अंटार्क्टिका’ ह्या नावाने ओळखले गेले. त्याची विकरे आज जगभरच्या रसायन-उद्योगात विकली जातात, आणि त्यांतले मोठे नाव डेन्मार्कमधील एका कंपनीचे आहे. तिने काही गैर केले असे नाही. कारण अंटार्क्टिक करारात अशा लाभाच्या वाटणीचा नियमच नाही. १९८३ पासून भारत त्या करारातील मताधिकारी राष्ट्र आहे. खुल्या महासागरातील जीवसंपत्तीविषयी २०२३ मध्ये संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण २०२४ मध्ये स्वाक्षरीही केली. ह्या बैठकांत भारताने वाटणीचा प्रश्न लावून धरलाच पाहिजे. पण ज्याने स्वतः काही घडवले नाही त्याच्या वाट्याच्या मागणीला बैठकीत वजन किती?

भूविज्ञान आणि वस्त्रोद्योग ह्या दोन मंत्रालयांनी मिळून आरंभ लहानच करावा. पांडेसऱ्यातील एका गिरणीतले धुलाईचे दोन हौद घ्यावेत, एक नेहमीच्या पद्धतीचा आणि एक थंड विकराचा. वर्षभर दोहोंसाठी जळालेल्या कोळशाचे वजन दोन वह्यांत उतरवावे, आणि त्या वह्या गिरणीमालकांप्रमाणे लिंबायतच्या रहिवाशांनाही पाहावयास मिळाव्यात.