पहिलं कुंकू आजीला

संक्रांतीला सूर्य मकर राशीत जातो आणि आपल्याकडे काळ्या साड्या बाहेर निघतात. सुगडं, तिळगूळ, मग थेट रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू अन् वाण लुटणं. फोटोही भारी येतात. पण आजोबा गेल्यापासून आमची आजी हळदीकुंकवाच्या दिवशी आतल्या खोलीत बसते. तिळाचे लाडू मात्र तिनेच वळलेले असतात!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जमलं, मग आमच्या सोसायटीला काय अडचण आहे? यंदा पहिलं कुंकू आजीला, असं मी आईला सांगून टाकलंय. आई म्हणाली, ‘‘बायका काय म्हणतील?’’ म्हणू देत की. वाणाचे डबे आणायला मीच जाणारेय, एक जास्तीचा घेणार.