मॉक ट्रायलमध्ये पेनड्राइव्ह येऊ द्या

मॉक ट्रायलच्या स्पर्धा पुन्हा सभागृहात, समोरासमोर होऊ लागल्या आहेत आणि आता जो तो आयोजक त्या 'डिजिटल' करायला निघालाय. माझा विरोध नाही. पण डिजिटल म्हणून जे आणलं जातं ती बहुतेक सजावट असते. प्रोजेक्टर येतो, वेळ मोजणारं लाल आकड्यांचं घड्याळ येतं, गुण गूगल फॉर्मवर भरले जातात, इन्स्टाग्रामवर लाइव्ह होतं. पुरावा मात्र कागदावरच राहतो.

वकिलीच्या वाटेला न गेलेल्यांसाठी थोडं सांगते. कॉलेजात जास्त चालतं ते मूट कोर्ट. त्यात घटना आधीच ठरलेली असते आणि विद्यार्थी वरच्या कोर्टात उभे राहिल्यासारखे कायद्यावर वाद घालतात. मॉक ट्रायलमध्ये खालचं कोर्ट असतं. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, सरतपास होतो, उलटतपास होतो, मुद्देमाल दाखवला जातो, कागदाला निशाणी पडते. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात तीन मूट करायचे असतात आणि खऱ्या खटल्यांचं कामकाज दोनदा नुसतं पाहायचं असतं. म्हणजे साक्षीदाराला एकही प्रश्न न विचारता मुलगा वकील होऊ शकतो. म्हणून मॉक ट्रायल जिथे होते तिथे मी बोलावलं की जाते.

मी शेंद्र्यात राहते, जिल्हा न्यायालयात वकिली करते. अलीकडे आमच्या एमआयडीसी भागातल्या एका सभागृहात अशी स्पर्धा झाली. मी परीक्षकांत होते. खटला कल्पित, पण इथल्याच मातीतला: रात्रपाळी सुटताना कंपनीच्या गेटवर मारहाण, एक कंत्राटी कामगार जखमी, आरोपी दुसरा कामगार. एका संघाने पीपीटी आणली होती, नकाशावर बाण सरकत होते. दुसऱ्या संघातल्या मुलीने गेटचा नकाशा पेन्सिलने काढून आणला होता. शेवटी बोलताना माझ्या शेजारच्या परीक्षकांनी पीपीटीचं कौतुक केलं, पेन्सिलीच्या नकाशाचा उल्लेखही केला नाही.

मला खटकलं ते वेगळंच. खटल्याच्या कागदांत एक ओळ छापली होती: 'सीसीटीव्ही चित्रीकरणात आरोपी दिसतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे.' खऱ्या कोर्टात ज्या गोष्टीवर दिवसचे दिवस भांडण होतं, ती इथे एका वाक्यात मान्य करून टाकली होती. डीव्हीआर कुणाच्या ताब्यात होता? फुटेज पेनड्राइव्हवर कुणी घेतलं, कधी घेतलं? कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं का? रात्री साडेअकराच्या उजेडात चेहरा खरंच ओळखू येतो का? हे कुणालाच विचारता आलं नाही, कारण विचारायला फाइलच नव्हती.

शेंद्र्याहून जालना रोडने पुढे गेलं की पाऊणेक तासात जालना येतं. डिजिटल पुराव्यावरचा देशातला एक मोठा निकाल त्याच गावच्या निवडणुकीवरून आलाय. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले कैलास गोरंट्याल औरंगाबाद खंडपीठात गेले. त्यांचं म्हणणं, उमेदवारी अर्जाची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजता संपली होती आणि खोतकरांचा अर्ज त्यानंतर आला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे लागलेले होते. चित्रीकरणाच्या सीडी मिळाल्या. पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब प्रमाणे जे प्रमाणपत्र लागतं, ते पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिलं नाही. निवडणूक अधिकारी साक्षीला आल्या तेव्हा उलटतपासात रेकॉर्डिंगची व्यवस्था कशी होती ते बाहेर आलं आणि खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचंच आहे. मात्र ज्याने ते मिळवायला शक्य ते सगळं केलं आणि तरी समोरच्याने दिलं नाही, त्याच्याकडून अशक्याची अपेक्षा कायदा करत नाही. (तोवर त्या विधानसभेची मुदतही संपून गेली होती, ही आपल्या न्यायाची गती.)

दुसरं उदाहरण आपल्यातल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पहलू खान यांना १ एप्रिल २०१७ ला राजस्थानात अलवर जिल्ह्यात मारहाण झाली, दोन दिवसांनी ते गेले. मारहाणीचा व्हिडिओ देशभर फिरला. १४ ऑगस्ट २०१९ ला अलवरच्या सत्र न्यायालयाने सहाही आरोपींना संशयाचा फायदा देऊन सोडलं. ज्या मोबाइलवर चित्रीकरण झालं तो रीतसर जप्त होऊन न्यायवैद्यक तपासणीला गेला नव्हता. सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट कोर्टात शाबीत झाली नाही.

माझा मुद्दा या दोन खटल्यांच्या मध्ये कुठेतरी आहे. जालन्यात चित्रीकरण टिकलं, कारण कुणीतरी प्रमाणपत्रासाठी अर्जावर अर्ज केले आणि साक्षीदाराला नेमके प्रश्न विचारले. अलवरमध्ये व्हिडिओ टिकला नाही, कारण सुरुवातीचं काम कुणी केलंच नाही. आपल्या पोरांना व्हिडिओ फॉरवर्ड करायचा एवढंच माहीत आहे. तो जपायचा कसा, ते कुणी शिकवत नाही.

उलट बाजूही तितकीच आपली आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. तेव्हापासून किती घरांत अम्मीने मुलाचा फोन हातात घेऊन स्टेटस तपासलं असेल! स्टेटसचा स्क्रीनशॉट ही गोष्ट पाच मिनिटांत कुणीही बनवू शकतो. मग तो कुणी काढला, कुठल्या फोनवर, तो फोन आज कुठे आहे, नंबर कुणाच्या नावावर आणि वापरत कोण होतं, हे शांतपणे, आवाज न चढवता विचारणारा वकील आपल्याला हवा. प्रमाणपत्राचा जो नियम एकदा आपल्या मुलाला वाचवतो, तोच दुसऱ्यांदा आपल्याच माणसाचा खटला पाडतो. म्हणून तो दोन्ही बाजूंनी उभं राहून शिकायला हवा. स्पर्धेत आज सरकार पक्ष आणि उद्या बचाव पक्ष करावा लागतो, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

तर माझी मागणी साधी आहे. आयोजकांनी खटल्याच्या कागदांसोबत दोन्ही संघांना एक पेनड्राइव्ह द्यावा. त्यात एक सीसीटीव्हीची फाइल, एक मोबाइलवरचा व्हिडिओ, एक स्क्रीनशॉट. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. भाग 'अ' साधन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरलेला, भाग 'ब' तज्ज्ञाने. आणि त्यात मुद्दाम दोष पेरावेत. एका फाइलची हॅश व्हॅल्यू प्रमाणपत्रातल्या आकड्याशी जुळू नये. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच समजा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवरून साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणजे पोचतो तो वेगळ्या ठशाचा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसं होत नाही. ही एवढीशी गोष्ट एकदा उलटतपासात अंगावर आली की विद्यार्थी जन्मात विसरणार नाही. पंच साक्षीदार तर आता वेगळाच झालाय: १ जुलै २०२४ पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण पोलिसांना करावं लागतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे. 'चित्रीकरण कुठे आहे?' हा प्रश्न मॉक ट्रायलमध्ये मी अजून एकदाही ऐकलेला नाही.

मग हे ऑनलाइनच का करू नये? कोरोनाच्या काळात करून पाहिलं. साक्षीदार स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला कागद वाचत होते आणि कुणाचा घसा कुठल्या प्रश्नाला कोरडा पडला ते कळत नव्हतं. माणूस समोर हवा. पण नव्या कायद्याने साक्ष व्हिडिओवरूनही घेता येते, तेव्हा चारपैकी एक साक्षीदार शेजारच्या खोलीतून पडद्यावर आणा आणि त्याचा उलटतपास घेऊन दाखवा म्हणा. फरक मुलांना स्वतः कळेल.

पैशाचं म्हणाल, तर मोठ्या कॉलेजची मुलं आयपॅड घेऊन येतात आणि गावाकडची एका फोनवर चौघे तयारी करतात, हे मी पाहते. म्हणून सभागृहात यंत्र एकच असावं, आयोजकांचं. लॅपटॉप एक, पडदा एक, इंटरनेट बंद, सगळ्यांचे फोन दाराशी जमा. पीपीटीला शून्य गुण. एआयकडून प्रश्न लिहून घेऊन येणाऱ्यांची मला चिंता नाही. साक्षीदाराने तिसऱ्याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं की तो कागद निरुपयोगी होतो. आणि भाषा मराठी ठेवा. आपल्या खालच्या कोर्टात साक्ष मराठीत नोंदवली जाते. घरी दखनी, शाळेत मराठी आणि स्पर्धेत अचानक इंग्रजी, यात आपली हुशार मुलगी 'आय पुट इट टू यू'वरच अडखळते. तीच 'तुम्ही खोटं सांगताय, असं माझं म्हणणं आहे' हे काय जोरात म्हणते!

गेटवरच्या मारहाणीचा तोच खटला मी आता मराठीत पुन्हा लिहायला घेतलाय, या वेळी फाइलींसकट. दर रविवारी सकाळी शेंद्र्यात सात-आठ मुलं-मुली जमतात, दोन बी.ए.ची आहेत, एक आयटीआयचा. साक्षीदार म्हणून तोच सगळ्यांत चांगला, कारण डीव्हीआर उघडून कसा जोडतात हे त्याला खरंच माहीत आहे. स्क्रीनशॉट तयार आहे, प्रमाणपत्राचे दोन नमुने तयार आहेत, एक बरोबर आणि एक चुकीचा. अडलंय ते एका चालू स्थितीतल्या जुन्या डीव्हीआरवर. कुणाच्या दुकानात बदलून टाकलेला पडून असेल, तर फेकू नका.