अकरावीतच पडावं मास्तरकीचं पहिलं पाऊल

एकेकाळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला मुलगा थेट गावच्या शाळेत मास्तर होई. आज सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या अकरावीतल्या मुलीला शिक्षिका व्हायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., नाहीतर तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं बी.एड.; वर टीईटी ही पात्रता परीक्षा आहेच. 2020 च्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.ने एक वर्ष वाचतं, पण ते शिकवणाऱ्या संस्था मोजक्याच. पुणे-सोलापूर रेल्वे जेऊरला थांबते, त्यामुळे शहर गाठता येतं. शहरातलं खोलीभाडं आणि मेस मात्र शेतमजुराच्या घराला झेपत नाही.

2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शालेय शिक्षणालाही श्रेयांक (क्रेडिट) दिले: 30 तासांना एक, वर्षाला 40. पण ते बी.एड.मधून वजा होत नाहीत.

निदान शिकवण्याच्या अनुभवाचे तरी ते वजा व्हायला हवेत. त्यासाठी अकरावी-बारावीच्या मुलांनी आठवड्यातली एक दुपार जिल्हा परिषद शाळेत, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली, पहिली-दुसरीच्या पोरांकडून वाचून घ्यावं. याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून रणजितसिंह डिसले यांनी 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळवला. शिकण्यासारखे वर्ग इथेच आहेत. शिक्षकांच्या रिकाम्या जागांवर फुकटचे हात म्हणून मात्र या मुलांना अजिबात वापरू नये. सोलापूर विद्यापीठाने हे तास बी.एड.मध्ये धरायची सुरुवात करमाळा तालुक्यापासून करावी.