शिकाकूत पहिली रेघ अंदाजाने मारू नका
व्हिडिओतलं शिकाकू बऱ्याच जणांचं अर्ध्यात अडकलं. हे जपानच्या निकोलीचं कोडं, सुडोकूला प्रसिद्ध करणारे तेच. नियम सोपा आहे: जाळीचे आयत पाडायचे, प्रत्येक आयतात एकच आकडा, आणि जेवढा आकडा तेवढीच घरं. चौरसही चालतो.

माझं स्पष्ट मत आहे, चुकतं ते पहिल्या रेघेलाच. १० बाय १० च्या जाळीत ७ दिसला की त्याची सरळ पट्टीच होणार, आडवी नाहीतर उभी. १२ चे मात्र दोन आकार होतात, २ बाय ६ किंवा ३ बाय ४. मग आधी ७ बघा ना! तरी अडलात, तर कोपऱ्यातलं रिकामं घर धरा. इथपर्यंत कोणता आकडा पोहोचतो? एकच पोहोचत असेल तर तो आयत तिथपर्यंत न्यावाच लागतो.

दुकान लावताना मी नेमकं उलटं केलं होतं. कुठेही बसतील असे छोटे रॅक हौसेने आधी लावले. डीप फ्रीझरचा पॉवर पॉइंट एकाच भिंतीला, आणि ती भिंत भरलेली! सगळा माल उतरवला, शनिवारचा अख्खा धंदा बुडाला.

पुढच्या व्हिडिओत नवीन कोडं देतोय. यावेळी पेन्सिल नको, पेन घेऊन बसा.